झिजलेला कलदार आणि सराफ गल्लीतील पारख

खानापूरच्या आमच्या घरातील सासूबाईंच्या पेटीत, जुन्या खणाच्या पुरचुंडीत दोन चांदीचे रुपये मिळाले. त्यांपैकी पंचम जॉर्ज राजाचा १९११ सालचा रुपया नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे प्रमाणपत्रासाठी पाठवावा की नाही, एवढ्या एकाच प्रश्नासाठी मी बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीतील एका जुन्या पेढीवर गेले होते. तेथील पारख मला अतिशय विश्वासाची वाटली.

पेढीवरच्या सराफांनी आधी रुपया काट्यावर ठेवला. कलदार (यंत्रावर पाडलेला चांदीचा) रुपया मुळात बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो, आमचा ११.३० भरला, म्हणजे सुमारे तीन गुंजा चांदी हाताळण्यातच गेली होती. मग दगडी फरशीवर टाकून नाद ऐकला आणि भिंग माझ्याच हातात देऊन राजाच्या छातीवरील साखळीतला हत्ती दाखवला. या सालच्या नाण्यावर हत्तीची सोंड आखूड असल्यामुळे तो डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्यावर बहुतेक नाणी परत घेऊन वितळवण्यात आली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. तुलनेसाठी त्यांनी १९१९ चा एक साधा रुपया शेजारी ठेवला, तेव्हा सोंडेतला फरक मला प्रथमच नीट कळला. आमच्या नाण्यावर मात्र हत्तीची नुसती उंचवट्यासारखी खूण उरली होती.

साल दुर्मिळ आहे म्हणून मी आशेने विचारले, तर त्यांनी नाणे तिरपे धरून कडेवरचा डाग, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडाची खूण, दाखवला. कधीतरी हारात ओवण्यासाठी तेथे कडी जोडलेली असावी. पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडेही दिसत होते. ते मागच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात, मला न विचारता, पावडरने घासून चमकवल्यामुळे पडले होते, आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था १ ते ७० या मापावर दर्जा देतात. परंतु डाग लावलेल्या किंवा घासलेल्या नाण्याला सहसा अंक न देता फक्त दोष नोंदवून परत पाठवतात. "ताई, साल डोळ्यांना वाचता येते, वजन आणि नाद खरा आहे. याला प्रमाणपत्रासह डबीत बंद करून घेण्याचा खर्च नाण्यातून निघणार नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. विकत घेण्याचा आग्रह तर नव्हताच.

उणीव एकच, की एवढी बारकाईची तपासणी करूनही वजन आणि निष्कर्ष लिहिलेली चिठ्ठी मिळत नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते, त्यामुळे सकाळी जाणे सोयीचे.

दुसरा रुपया १८६२ सालचा राणीछाप होता. तो त्यांनी बोटे न लावता कडेने उचलला. तेच साल घालून पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले गेल्यामुळे त्यांचे प्रकार बारीक ठिपके मोजून ओळखावे लागतात. आमच्या नाण्यावर ते ठिपके आणि राणीच्या वस्त्रावरील नक्षी अजून स्वच्छ आहे. हा पाठवण्याजोगा आहे, असे म्हणून त्यांनी तो कोऱ्या कागदी पाकिटात घालून दिला आणि घरी मऊ फडक्यानेसुद्धा पुसू नका, असे दोनदा बजावले.