मांजर बोलत नाही, तेच बरंय

लिलियन जॅक्सन ब्रॉनचं 'द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स' संपवलं आणि आधी हेच सांगते की यात मांजर बोलत नाही. हे सांगायला लागतं कारण हल्ली कोझी मिस्ट्री (म्हणजे फार रक्तपात नसलेली, हौशी डिटेक्टिव्हची हलकीफुलकी खुनाची गोष्ट) शोधायला गेलं की बोलकी मांजरं, चेटकिणीची बेकरी, पानोपानी भुतं असलं ढीगभर येतं, आणि बहुतेक वेळा मांजरच येऊन खुनी कोण ते सांगून टाकतं, मग त्या हौशी डिटेक्टिव्हने काय करायचं, चहा?

हे पुस्तक १९६६ चं, सिरीजमधलं पहिलं. हिरो क्विलरन, मोठ्या मिशांचा, एकेकाळी क्राइम रिपोर्टर, मधे दारूपायी सगळं घालवून बसलेला, आता सावरतोय आणि पेपरात नोकरी मिळालीय ती नेमकी कलेच्या बातम्या करायची, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. भाड्याने राहतो ते घर एका कलासमीक्षकाचं, जो इतकं खवचट लिहितो की निम्मे चित्रकार त्याच्यावर दात खाऊन असतात. त्याचा सयामी बोका म्हणजे कोको. पूर्ण नाव काओ को-कुंग, तेराव्या शतकातल्या एका चिनी चित्रकाराच्या नावावरून. हे कोकोसाहेब पेपरचं हेडिंग वाचतात पण उलटं, उजवीकडून डावीकडे. मग एका गॅलरीवाल्याचा खून होतो, पुढचं सांगत नाही.

आता पॅरानॉर्मल म्हणाल तर ते असं की कोको कुठेतरी जाऊन हुंगतो, बोंबलतो, नको तिथे ठाण मांडतो आणि क्विलरनच्या मिशा फुरफुरतात की इथे काहीतरी आहे. ते खरंच सहावं इंद्रिय का बोक्याला नुसती भूक लागलेली, ब्रॉनबाई सांगतच नाहीत, आणि मला सगळ्यात आवडलं ते हेच. आपल्या सांगलीच्या गणपती पेठेत पोत्यावर पसरलेली मांजरं असतात की नाही, त्या दुकानदारालाही विचारा, तो छातीठोक सांगेल की उधारी बुडवणारा आला की आमचं मांजर उठून आत जातं. मांजर काही बोलत नाही, अर्थ माणूस लावतो, आणि एखाद वेळेस तो बरोबरही निघतो. पुस्तकभर ही गंमत टिकवलीय, तेवढ्यासाठी एक स्टार जास्त.

ब्रॉनबाई स्वतः डेट्रॉईटच्या पेपरात काम करायच्या म्हणून ऑफिसमधली गॉसिप, कुरबुरी एकदम खरी वाटतात. आणि त्यांचं स्वतःचं सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून गेलं, त्या धक्क्यातून त्या मांजराच्या गोष्टी लिहायला लागल्या, हे कळल्यावर कोकोचे एवढे लाड का चाललेत तेही समजलं. (सयामींचं एक भारी असतं, अंगाचा जो भाग थंड तो काळपट होतो, कान, शेपूट, पाय, तोंड. सांगलीच्या मे महिन्यात कोको बहुधा पांढराच राहिला असता.)

खटकलं ते पण सांगते. कोकोला भेटायलाच बरीच पानं जातात, मांजरासाठी पुस्तक घेणाऱ्याने जरा दम धरावा. चित्रकारांची नावं इतकी येतात की मी मागे जाऊन बघत होते हा कोण. बायकांबद्दलचे काही शेरे त्या काळातले आहेत, आज वाचताना कपाळाला आठी पडतेच. आणि कोडं म्हणून बघाल तर मध्यमच, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या डिटेक्टिव्ह आजींच्या गोष्टींवर वाढलेल्यांना खुनी लवकर लक्षात येईल. रक्त वगैरे मात्र फार नाही, रात्री वाचून निवांत झोप लागते. इंग्रजी पण सोपं, कॉलेजच्या पोरांना चालेल, फक्त कलेचे शब्द अडतात तेवढे सोडून द्यायचे.

घ्यायचं असेल तर सिरीजमधली पहिली तीनच आधी घ्या, १९६६, ६७ आणि ६८ ची. दुसऱ्यात यम यम नावाची मांजरी येते आणि कोकोचं बस्तान बसतं. त्यानंतर बाईंनी थेट १९८६ मधे चौथं काढलं आणि मग थांबल्याच नाहीत, एकूण २९ कादंबऱ्या. शेवटशेवटची मी चाळली, त्यात खून नावाला आणि गावजेवणं जास्त, ती कुणी फुकट दिली तरच वाचा.