मऊ ग्रिपरचे बोट: सिलिकॉन ओतावे की थ्रीडी प्रिंटरवर छापावे?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लहान कारखान्याला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हवेच्या दाबावर वाकणारा मऊ ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा यंत्राचा पंजा, करायचा असेल, तर त्याची बोटे कशी घडवायची हा पहिला निर्णय असतो. पर्याय तीन आहेत: सिलिकॉन साच्यात ओतणे, टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकच्या तारेने (फिलामेंट) बोट थ्रीडी प्रिंटरवर थेट छापणे, किंवा लवचिक रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणे.

ओतकाम कोल्हापूरला नवे नाही; अडकलेली हवा, साच्याचे तोंड, कोअर (पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवलेला गाभा) या फाउंड्रीतल्या अडचणी इथेही तशाच भेटतात. इकोफ्लेक्स ००-३० या सिलिकॉनची लांबी तुटण्यापूर्वी सुमारे ९०० टक्के वाढते, आणि मिश्रण साधारण ४ तासांत बसते, म्हणजे घट्ट होते. मेख आहे ती आतल्या पोकळीत. वाळूचा कोअर फोडून काढता येतो, तशी सोय इथे नसल्याने बोट सहसा दोन भागांत ओतून चिकटवावे लागते, आणि दाब वाढला की ते बहुधा त्या जोडावरच सुटते. शिवाय असे प्लॅटिनम उत्प्रेरकाने बसणारे सिलिकॉन रेझिन प्रिंटरवरच्या साच्यात किंवा लॅटेक्सच्या हातमोज्यांच्या संपर्कात नीट बसत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. म्हणून साचा पीएलए या नेहमीच्या कडक फिलामेंटमध्ये छापलेला बरा.

टीपीयूच्या बोटाला असा जोड नसतो, पोकळी हवी तशी वळवता येते आणि आज सुचलेला बदल उद्या हातात येतो. मात्र निंजाफ्लेक्ससारखे मऊ फिलामेंटही रबराचा कडकपणा मोजणाऱ्या शोअर मापावर ८५ए, म्हणजे वरच्या सिलिकॉनपेक्षा कितीतरी ताठ असते. त्यामुळे भिंती पातळ कराव्या लागतात आणि थरांमधून हवा झिरपू लागते. पावसाळ्यात हे जास्त जाणवते, कारण उघडे पडलेले रीळ ओल धरते, नोझलमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि भिंतीत सुईएवढी छिद्रे राहतात. छपाईआधी रीळ साधारण ५० अंशांवर काही तास वाळवावे आणि तयार बोट, सायकलवाला ट्यूब तपासतो तसे, पाण्यात बुडवून हलका दाब द्यावा.

रेझिनचे बोट देखणे आणि हवाबंद होते, पण वारंवार वाकवले की लवकर फाटते.

ओतणे आणि छापणे यांत वैर नाही. हार्वर्डच्या २०१६ मधल्या ‘ऑक्टोबॉट’ या मऊ यंत्रमानवामध्ये साच्यात ओतलेल्या, अजून न बसलेल्या सिलिकॉनच्या आतच नोझलने नळ्या छापल्या होत्या. अर्थात ते प्रयोगशाळेचे काम झाले.

माझा कौल असा: अंडी किंवा पिकलेले टोमॅटो उचलायचे असतील, तर छापलेल्या साच्यात सिलिकॉन ओतावे, किलोभर गुळाचे रवे उचलायचे असतील, तर टीपीयूच घ्यावे, कारण तिथे मऊपणापेक्षा पकड महत्त्वाची. त्यासाठी प्रिंटर घेताना एक्स्ट्रूडर (फिलामेंट पुढे ढकलणारा भाग) थेट नोझलच्या डोक्यावर बसवलेला आहे ना, हे पाहावे. लांब नळीतून ढकलताना मऊ फिलामेंट दुमडून अडकते.