स्क्रीनवर एसी बंद, खोलीत मात्र चालूच

गोव्यात लॉज, होमस्टे किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण ज्याने आम्हाला फसवलं त्याचा धंदा अजून चालू आहे.

फोंड्याजवळ कवळ्याला आमचं घरचं लॉज आहे, १८ खोल्यांचं. शांतादुर्गा-मंगेशीला येणारी कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी उतरतात. ती दर्शनाला गेली तरी एसी चालूच राहतात, आणि मे महिन्यातलं विजेचं बिल पाहवत नाही. म्हणून सगळे एसी काउंटरवरून चालू-बंद करता यावेत, एवढीच आमची गरज होती.

कंत्राटदाराने कोटेशनमध्ये लिहून दिलं: प्रत्येक इनडोअर युनिटमध्ये मॉडबस कार्ड (एसीला तारेवरून हुकूम घेऊ देणारं आणि आपली स्थिती परत कळवू देणारं), सगळ्या खोल्यांतून शिल्डेड केबल, एक कंट्रोलर आणि टचस्क्रीन. ७० टक्के रक्कम आगाऊ घेतली. स्क्रीनवर खोल्यांचे हिरवे-लाल चौकोन दिसू लागले. बिल मात्र तसूभरही उतरलं नाही.

एके दुपारी साफसफाईच्या मावशी म्हणाल्या, "दादा, सात नंबरात कुणी नाही आणि एसी चालू आहे." स्क्रीनवर सात नंबर बंद होता. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून फॉल्स सीलिंग उघडलं. "भाऊ, ही केबल कुठंच जोडलेली नाही," तो म्हणाला. टोकं कापून तशीच लोंबत ठेवली होती. युनिटमध्ये कार्ड नव्हतंच. पडद्याच्या पेल्मेटवर मात्र एक छोटी वायफाय डबी चिकटवलेली, रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल सोडणारी.

फसवणूक नेमकी इथे आहे. ही डबी फक्त हुकूम सोडते, एसीकडून तिला उत्तर येत नाही. पडदा आडवा आला, किंवा पाहुण्याने हातातल्या रिमोटने एसी पुन्हा चालू केला, तरी स्क्रीनला पत्ता नसतो. स्क्रीन शेवटचा हुकूम दाखवते, एसीची खरी स्थिती नाही. तापमानाचा आकडाही सेट केलेला, खोलीतला नव्हे.

खऱ्या आरएस-४८५ जोडणीत, म्हणजे मॉडबस कार्डं ज्या दोन तारांवरून बोलतात त्या जोडणीत, प्रत्येक युनिटला स्वतंत्र पत्ता असतो. केबल एका युनिटवरून पुढच्या युनिटवर जाते, मधूनच फांद्या फुटत नाहीत, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो. वीज बंद करून दोन तारांवर मल्टिमीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत. आमच्या केबलवर काहीच दिसलं नाही. पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं की आमच्या काही मॉडेलना असं कार्ड बसतच नाही. म्हणजे कोटेशनच खोटं होतं!

जाब विचारल्यावर त्याने वार्षिक लायसन्सचे पैसे मागितले. अ‍ॅपचं मुख्य खातं त्याच्याच ईमेलवर आहे, पासवर्ड द्यायला तो तयार नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण २०१९ च्या ग्राहक कायद्यात व्यावसायिक कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर बसते. तक्रारीची मुदत २ वर्षं. म्हणून कोटेशन, बँकेच्या नोंदी आणि कापलेल्या केबलचे फोटो आम्ही वकिलांकडे दिले आहेत.

आता आमच्याच काउंटरवरच्या स्क्रीनचे फोटो तो पेडणे-मोरजीकडच्या होमस्टेवाल्यांना दाखवतो आहे. तुमच्याकडे असा कुणी आला तर त्याने आधी काम केलेल्या जागी न्यायला सांगा. तिथे खोलीतल्या रिमोटने एसी चालू करा आणि स्क्रीनवर तो चौकोन बदलतो का ते पाहा.