दुसरा ब्रँड काढायचा तर कुणाच्या वाटेने: रेबेल, देवयानी की स्पेशालिटी?

एक हॉटेल नीट चालायला लागलं, गल्ल्यावर स्वतः न बसताही रोजचा हिशेब जुळायला लागला, की मालकाला दुसऱ्याचे वेध लागतात. पूर्वी दुसरं म्हणजे त्याच नावाची शाखा असायची. आता पुण्यात, नाशकात, ठाण्यात मालक वेगळंच विचारतात. बिर्याणी चांगली चालतेय, तर त्याच भटारखान्यातून चायनीजचा वेगळा ब्रँड काढू का? की एखाद्या मोठ्या नावाची फ्रँचायझी घेऊ? की निराळ्या थाटाचं, बसून जेवायचं दुसरं हॉटेल उघडू?

या तिन्ही वाटांनी आपल्या देशात मोठ्या कंपन्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. पहिल्या वाटेने रेबेल फूड्स, दुसऱ्या वाटेने देवयानी इंटरनॅशनल, तिसऱ्या वाटेने स्पेशालिटी रेस्टॉरंट्स. त्यांच्या आकाराशी आपली बरोबरी नसली तरी त्यांना जिथे ठेच लागली, तिथेच आपल्यालाही लागणार. म्हणून ही तुलना. माझं मत आधीच सांगतो: ब्रँड किती आहेत याला फारसं महत्त्व नाही. त्या ब्रँडांमध्ये सामाईक काय आहे आणि प्रत्येकाची जबाबदारी घेणारा माणूस कोण आहे, हे दोन प्रश्न विचारले की बरंचसं चित्र स्पष्ट होतं.

रेबेलची सुरुवात आपल्या पुण्यातली. जयदीप बर्मन आणि कल्लोल बॅनर्जी या दोन बंगाली मित्रांना पुण्यात कोलकात्यासारखा काठी रोल मिळेना, म्हणून 2004 च्या सुमारास त्यांनी फासोस काढलं. पुढे शिक्षण आणि नोकरीसाठी दोघेही परदेशी गेले. बर्मन मॅकिन्झीतली नोकरी सोडून परतले आणि 2011 मध्ये सिकोया या गुंतवणूक कंपनीचं भांडवल घेऊन पूर्णवेळ कामाला लागले. दुकानं वाढत गेली, पण भाडी त्याहून वेगाने वाढली. मग त्यांच्या लक्षात आलं की ऑर्डर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुकान कधी पाहिलेलंच नाही. मग मोक्याच्या जागेचं भाडं कशासाठी भरायचं? दर्शनी दुकानं सोडून त्यांनी मागच्या गल्लीतली किचन धरली.

एवढ्यावर थांबले असते तर ती फक्त भाड्यातली बचत ठरली असती. खरी अडचण पुढे होती. रोलसाठी ओळखल्या जाणाऱ्या नावाखाली रात्रीच्या जेवणाची बिर्याणी कोण मागवणार? म्हणून बेहरूझ बिर्याणी आली. सोबत कुठल्याशा प्राचीन राज्याच्या हरवलेल्या पाककृतीची गोष्ट होती, तीही जाहिरातीसाठी रचलेली. पिझ्झ्यासाठी ओव्हन स्टोरी आलं, गोडासाठी स्वीट ट्रुथ. 2018 मध्ये कंपनीचं नावच रेबेल फूड्स झालं. भटारखाना तोच, चूलही तीच, फक्त फोनच्या पडद्यावर पाच-सात वेगळी हॉटेलं.

अशा किचनमध्ये एक ऑर्डर कशी पुढे सरकते ते पाहण्यासारखं आहे. मॅरिनेशन, ग्रेव्ह्या आणि मसाल्यांची मिश्रणं मध्यवर्ती ठिकाणी तयार होऊन, मोजून-मापून येतात. किचनमध्ये शेवटची भाजणी, जुळवाजुळव आणि पॅकिंग तेवढं उरतं. केओटी (भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) निघाली की ती स्टेशननुसार फुटते: रोल तव्यावर, पिझ्झा ओव्हनकडे, बिर्याणी वेगळ्या टेबलावर. पॅकिंगच्या टेबलावर मात्र सगळे ब्रँड एकत्र येतात आणि गडबड होते ती तिथेच. एका ब्रँडच्या पिशवीत दुसऱ्याचा डबा गेला की दोन्ही नावं खराब होतात. म्हणून या वाटेवर वस्तादाइतकाच पॅकिंगवरचा पोऱ्या महत्त्वाचा. त्याच्या पगारात कंजुषी करू नये.

आता पैशाचं बघू. समजा 300 रुपयांची ऑर्डर आली. 105 रुपये मालाचे, 20 पॅकिंगचे आणि ॲपचं कमिशन 25 टक्के धरलं तर 75 रुपये त्याचे. उरले 100. त्यातून ॲपवरची जाहिरात आणि सवलतीतला आपला वाटा वजा केला की 50-60 हातात राहतात आणि त्यातून पगार, गॅस, लाइट, भाडं भागवायचं. हे आकडे माझे, उदाहरणापुरते. तुमचे घालून बघा. रेबेललासुद्धा या गणिताने दमवलंय. 2021 मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने साडेसतरा कोटी डॉलर मिळाले आणि कंपनी युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलरहून जास्त किमतीची झाली. तरी 2023-24 मध्ये सुमारे 1420 कोटींच्या महसुलावर 378 कोटींच्या आसपास तोटा होता. तो सोसायला मागे मोठे गुंतवणूकदार उभे होते. आपल्यामागे फार तर पतपेढी असते.

आणखी एक धोका लक्षात ठेवा. नावं वेगळी ठेवून तोच मेन्यू पुन्हा पुन्हा विकला की गिऱ्हाईक ओळखतं. अमेरिकेत 2023 मध्ये उबर ईट्सने अशी सुमारे पाच हजार नावं ॲपवरून उतरवली, कारण एकाच किचनमधून तेच पदार्थ डझनभर नावांनी विकले जात होते. रेबेलचे मोठे ब्रँड असे नाहीत; त्यांना स्वतःचा वेगळा पदार्थ आहे. पण ॲपवर अवलंबून राहण्याची चिंता त्यांनाही आहेच. म्हणून त्यांनी ईटशुअर हे स्वतःचं ॲप काढलं आणि त्याच नावाची बसून खायची फूड कोर्टही उघडली. दुकानाची पाटी सोडून गेलेली कंपनी पुन्हा पाटीकडे वळली, याची मी गंभीरपणे नोंद घेतो.

देवयानीची गोष्ट अगदी निराळी आहे. रवी जयपुरिया मूळचे पेप्सीच्या बाटल्या भरण्याच्या धंद्यातले. वरुण बेव्हरेजेस त्यांचीच. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याची कृती, पण कारखाना, गाडी आणि वसुली आपली, हा व्यवहार ते आधीपासून करत होते. 1997 मध्ये जयपूरला पिझ्झा हट उघडून त्यांनी तोच व्यवहार हॉटेलात आणला. पुढे केएफसी आलं, कोस्टा कॉफी आली. ऑगस्ट 2021 मध्ये 90 रुपयांना शेअर विकून कंपनी बाजारात आली. 2024 च्या सुरुवातीला तिने थायलंडमधली केएफसीची मोठी साखळी घेतली.

इथे सामाईक काय आहे? भटारखाना नक्कीच नाही. केएफसीचे प्रेशर फ्रायर आणि पिझ्झ्याचे ओव्हन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सामाईक आहेत त्या मागच्या गोष्टी: जागा शोधणारी माणसं, मॉलवाल्यांशी असलेले संबंध, खरेदी, भरती, हिशेब. एका मॉलमध्ये तीन गाळे घेणाऱ्याला भाड्यात जी सवलत मिळते ती एकच गाळा घेणाऱ्याला मिळत नाही. या कंपनीची ताकद ही अशी आहे, आणि ती एका हॉटेलच्या मालकाकडे मुळात नसते.

बदल्यात काय द्यावं लागतं तेही पाहा. विक्रीच्या साधारण सहा टक्क्यांच्या घरात रॉयल्टी, वर जाहिरातीची वर्गणी. मेन्यू, तेलाचं तापमान, खुर्चीचा रंगसुद्धा नावाचा मालक ठरवतो. ब्रँडचं नशीबही तोच ठरवतो. केएफसीने देवयानीला वाढवलं, पिझ्झा हट मात्र मागे रेंगाळत राहिलं. नोव्हेंबर 2025 मध्ये या दोन्ही नावांची मालक असलेल्या यम ब्रँड्सने जाहीर केलं की पिझ्झा हटचं पुढे काय करायचं याचा फेरविचार चालू आहे, विक्रीसुद्धा शक्य आहे. असे निर्णय अमेरिकेत होतात आणि त्यांचे परिणाम इथल्या शेकडो गाळ्यांवर होतात. 2025 मध्येच देवयानीने बिर्याणी बाय किलो चालवणाऱ्या कंपनीतला सुमारे 80 टक्के हिस्सा घेतला. मला त्याचा अर्थ असा दिसतो की इतक्या वर्षांनी एवढ्या मोठ्या फ्रँचायझीलाही स्वतःच्या मालकीचं मोठं नाव हवंसं वाटलं. त्यांचा स्वतःचा दाक्षिणात्य ब्रँड वांगो होताच, पण तो या मोठ्या नावांशेजारी लहानच राहिला.

फ्रँचायझीचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट इथेच लिहून ठेवा. भारतातली डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स स्वतः चालवते, ती कुणाला उप-फ्रँचायझी देत नाही. तरीही इंटरनेटवर 'डॉमिनोजची एजन्सी मिळेल' म्हणत आगाऊ पैसे मागणारे भामटे भेटतात आणि लोकांचे लाखो रुपये जातात. तुमच्याआमच्यापर्यंत पोहोचतात त्या बहुधा लहान, नव्या साखळ्यांच्या फ्रँचायझी. त्या घेण्याआधी निदान दोन जुन्या फ्रँचायझीवाल्यांकडे जाऊन, मालक समोर नसताना, विक्री आणि माल घेण्याची सक्ती या दोन्हींबद्दल विचारा.

तिसरी वाट माझ्या सगळ्यात जवळची, म्हणून तिच्याबद्दल जास्त सावध बोलतो. अंजन चॅटर्जी जाहिरात व्यवसायातले. 1992 मध्ये त्यांनी मुंबईत ओन्ली फिश उघडलं, 1994 मध्ये साकीनाक्याला मेनलँड चायना, नंतर ओह! कॅलकटा आणि सिग्री. चायनीज म्हणजे गाडीवरचं मंचुरियन, असं समजणाऱ्या मध्यमवर्गाला त्यांनी पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसवलं. हे काम जिभेची जाण आणि हौस असलेला माणूसच करू शकतो. मे 2012 मध्ये 150 रुपयांना शेअर विकून कंपनी बाजारात उतरली. त्यानंतर मात्र वाढ अडखळली. मॉलची भाडी चढली, तरुण गिऱ्हाईक कमी खर्चाच्या, जास्त मोकळ्या जागांकडे वळलं, बरीच हॉटेलं बंद करावी लागली. 2020 मध्ये शेअरचा भाव त्या 150 च्या कितीतरी खाली होता.

सामाईक काय, हा प्रश्न इथे लावला की कारण कळतं. वोकवरचा कारागीर कोशा मांशो, म्हणजे बंगाली मटण, शिजवत नाही आणि तंदूरवाला सुरमईची नस जाणत नाही. प्रत्येक ब्रँडला वेगळा वस्ताद, वेगळी जागा, वेगळी सजावट लागते. सामाईक राहते ती मालकाची चव आणि त्याचं लक्ष, आणि त्यालाही दिवसाचे चोवीसच तास असतात. त्यात नोव्हेंबर 2017 पासून रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी लागला, पण भरलेल्या कराची वजावट गेली. भाड्यावरचा 18 टक्के कर आणि नव्या फर्निचरवरचा कर थेट खिशातून जातो. भाडं जितकं जास्त तितका हा फटका मोठा, म्हणजे तो बसून जेवायच्या हॉटेललाच जास्त बसतो.

याच वाटेवर रियाझ अमलानींची इम्प्रेसारिओ आहे. 2001 मध्ये चर्चगेटला मोका, पुढे सॉल्ट वॉटर ग्रिल, स्मोक हाउस डेली असे बरेच ब्रँड झाले. पण कंपनी खरी फोफावली ती 2014 मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या सोशलमुळे. दिवसा लॅपटॉप घेऊन बसणारे, रात्री पार्टी करणारे, त्याच खुर्च्या दोनदा कमावतात. जुबिलंटकडे पाहिलं तरी तेच. 2012 मध्ये डंकिन आणलं, बर्गर घालून पाहिला, पुढे आवरतं घेतलं. 'एकदम!' नावाचा बिर्याणीचा ब्रँड काढला, तो गुंडाळला. घर चाललं ते डॉमिनोजवर. बहुब्रँड म्हणवणाऱ्या जवळपास प्रत्येक कंपनीचा पोशिंदा ब्रँड एकच असतो. तुमचा पोशिंदा आज जे हॉटेल चाललंय तेच. त्याचा वस्ताद उचलून नव्या ठिकाणी नेलात तर दोन्ही धोक्यात येतात.

नेतृत्वाबाबतही या कंपन्यांत फरक आहे. रेबेल आणि स्पेशालिटी घडवली ती संस्थापकांनी स्वतः, स्वतःच्या चवीने आणि जिद्दीने. जुबिलंटमध्ये भरतिया बंधू मालक, पण कारभार अजय कौल, प्रतीक पोटा आणि 2022 मध्ये ॲमेझॉनमधून आलेले समीर खेतरपाल अशा व्यावसायिक प्रमुखांकडे गेला. ठरलेली कृती शंभर ठिकाणी तशीच राबवायची असेल तर असा प्रमुख चालतो. नवी चव जन्माला घालायची असेल तर मालकाला स्वतः भटारखान्यात उभं राहावंच लागतं.

मग कुणी काय निवडावं? दुपारी तीन ते सात तुमची चूल थंड असेल आणि पार्सलचं गिऱ्हाईक आधीच असेल, तर रेबेलची वाट. पण एकच जादा ब्रँड, आणि मालाच्या यादीत निम्म्याहून जास्त वस्तू सामाईक असतील असाच. सहा महिने ॲपवरच्या सवलतीशिवाय तो किती विकला जातो ते पाहूनच तिसऱ्याचा विचार करा. हाताशी भांडवल आणि चांगली जागा आहे, स्वयंपाकात मात्र रस नाही, अशांनी फ्रँचायझी घ्यावी. नफा कमी, पण रोजची डोकेदुखीही कमी. आणि बसून जेवायचं दुसरं हॉटेल काढायचं असेल तर त्याच शहरात काढा, अर्ध्या तासात पोहोचता येईल इतक्या अंतरावर. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात लॉक-इन (करार मधेच मोडता न येण्याची मुदत) फक्त तुमच्यावर आहे की जागामालकावरही, दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी चढणार आणि फर्निचरचा खर्च वसूल व्हायच्या आत करार संपत नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्या.

मी स्वतः दुसऱ्या ब्रँडचं नाव आणि लोगो ठरवण्याआधी तो चालवणारा माणूस ठरवेन. बहुतेकदा तो आपल्याच भटारखान्यात सात-आठ वर्षं राबलेला असतो. त्या ब्रँडची विक्री, माल आणि पगार यांचा वेगळा हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्यासमोर मांडायचा आणि नफ्यातला त्याचा वाटा पहिल्या दिवशी कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी लिहून द्यायचा. असा माणूस आज नजरेसमोर नसेल, तर यंदा पहिल्याच हॉटेलची शाखा काढणं जास्त बरं.