आरोग्यशाखांसाठी समाजशास्त्र: एका प्रास्ताविक ऑनलाइन अभ्यासक्रमाचं परीक्षण

हा अभ्यासक्रम व्याख्यांच्या पाठांतराने सुरू होत नाही, ही मोठी जमेची बाजू. पहिल्याच पाठात प्रश्न येतो: मधुमेहाचा रुग्ण गोळ्या का चुकवतो? 'निष्काळजी' हा शेरा बाजूला ठेवून शिफ्टमधलं काम, औषधाचा खर्च, घरात स्वयंपाकाचं कोण ठरवतं, हे एकेक तपासायला लावलं आहे.

सर्वांत कसदार भाग व्हाइटहॉल अभ्यासाचा. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत ब्रिटिश सरकारी नोकरांपैकी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही फरक उरलाच. आणि यातलं कुणीही बेरोजगार नव्हतं! श्रेणी उतरेल तसं आरोग्यही पायरीपायरीने खालावतं, हे आलेखातून इतकं स्वच्छ समजावलेलं क्वचितच दिसतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्सने १९५१ मध्ये मांडलेल्या 'रुग्ण-भूमिके'चा, म्हणजे आजारी माणसाने कसं वागावं याबद्दलच्या समाजाच्या अपेक्षांचा, पाठ मात्र कच्चा. दोन हक्क (नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट, आजाराचा दोष माथी नाही) आणि दोन कर्तव्यं (बरं होण्याची इच्छा, योग्य मदत घेणं) नीट दिली आहेत. पण दीर्घ आजारात माणूस पूर्ण बरा होत नाही, तिथे हा साचा अपुरा पडतो, यावर एक ओळही नाही. वॉर्डात जाणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकं हेच लागतं.

मुलाखतीचा सराव उत्तम. 'का केलं नाही?' ऐवजी 'काय अडचण आली?' असं विचारायला शिकवलं आहे, कारण पहिल्या प्रश्नात आरोप ऐकू येतो. स्वाध्याय तपासून मिळत नाहीत. त्यामुळे ते तिघांच्या गटात सोडवावेत.