उघडता येणारा द्रव-सेल: पंप-प्रोबसाठी घ्यावा का?

कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन खिडक्या, मध्ये टेफ्लॉनचा स्पेसर, वरून चार स्क्रूंची चौकट. साध्या अवरक्त वर्णपटासाठी हा सेल डोळे झाकून घ्यावा. पण एका बंधाला दिलेली ऊर्जा रेणूत कुठे आणि किती वेळात पसरते हे पंप-प्रोबने (एक लेसर पल्स, म्हणजे पंप, ऊर्जा देते आणि थोड्या वेळाने दुसरी, म्हणजे प्रोब, परिणाम पाहते) मोजायचं असेल, तर हाच सेल खोटे सिग्नल देतो. तेही नेमके जिथे खरे शोधायचे तिथेच.

खिडक्यांची निवड योग्य आहे. साधारण ११०० प्रति सेंमीच्या (अवरक्त वारंवारतेचं एकक) वर त्या पारदर्शक असतात, पाण्यालाही दाद देत नाहीत. त्याखालची कंपनं थेट दिसणार नाहीत. तिथे ऊर्जा पोचली हे वरच्या पट्ट्यावरून ओळखायचं: खालची कंपनं तापली की अप्रसंवादी जोडणीमुळे (एका कंपनाचा दुसऱ्याच्या वारंवारतेवर होणारा परिणाम) कार्बोनिलचा (सी-ओ बंधाचा) शोषण-पट्टा कमी वारंवारतेकडे सरकतो आणि द्रावक ऊर्जा शोषून घेईल तसा, दहा-वीस पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), जागेवर येतो.

स्पेसरवरच्या '५० मायक्रॉन'वर विसंबू नका. रिकाम्या सेलचा वर्णपट घ्या. दोन खिडक्यांमधल्या परावर्तनांमुळे त्यावर लाटा दिसतात. १००० प्रति सेंमीच्या रुंदीत १० लाटा मोजल्या तर जाडी खरंच ५० मायक्रॉन. लाटा पुसट असतील तर खिडक्या समांतर नाहीत; स्क्रू एकेक करून पूर्ण आवळल्याचा हा परिणाम. कर्णरेषेत, पाव-पाव फेऱ्याने आवळा. जोर जास्त झाला तर खिडकी सरळ चिरते.

आता खोट्या सिग्नलांकडे. शून्य क्षणाजवळ, म्हणजे पंप आणि प्रोब एकाच वेळी पोचतात तेव्हा, पंप पल्स खिडकीचाच अपवर्तनांक बदलते. पाण्याच्या ओ-एच बंधाचं ताण-कंपन सुमारे २०० फेम्टोसेकंदांत (०.२ पिकोसेकंदात) विझतं, त्यामुळे ते याच गोंधळात गाडलं जातं. त्याच सेलमध्ये नुसत्या द्रावकाचं मापन घेतल्याशिवाय तिथल्या आकड्याला अर्थ नाही. खिडकी २ ऐवजी १ मिमीची घेतली तर त्रास कमी होतो, पण फुटायची धास्ती वाढते.

दुसरा खोटा सिग्नल जास्त लबाड आहे. पंप पल्स खिडकीवर अगदी लंब येत असेल तर मागच्या खिडकीच्या बाहेरच्या पृष्ठावरून साधारण ३ टक्के प्रकाश परततो आणि २ मिमीच्या खिडकीत सुमारे १९ पिकोसेकंदांनी नमुन्याला पुन्हा उत्तेजित करतो. रेणू थंड होण्याच्या वेळेतच ही उंचवटी येते, म्हणून ती ऊर्जेचा परतीचा प्रवास वाटू शकते. सेल दहा-एक अंश तिरका करा. उंचवटी गेली तर ती परावर्तनाचीच होती.

पंप पल्सने द्रवात सोडलेल्या उष्णतेचा प्रश्न वेगळा. ५० मायक्रॉनच्या थरातून ती खिडक्यांत जायला काही मिलिसेकंद लागतात आणि १ किलोहर्ट्झ लेसरची पुढची पल्स १ मिलिसेकंदातच येते. त्यामुळे द्रव वाहता हवा. लेसरचा १०० मायक्रॉनचा ठिपका पडतो तिथला द्रव दोन पल्समध्ये बदलायचा तर १० मिमी रुंद मार्गात मिनिटाला किमान ३ मिली प्रवाह लागतो. पेरिस्टाल्टिक (नळी दाबत द्रव ढकलणाऱ्या) पंपाच्या धक्क्यांनी मापन थरथरतं. गिअर पंप बरा.

ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) व्हायटॉनच्या येतात. क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइडला चालतात, अ‍ॅसिटोनमध्ये फुगतात.

सेल तपासायला टंगस्टन हेक्साकार्बोनिल कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये घ्या. १९८० प्रति सेंमीजवळचा त्याचा पट्टा शेकडो पिकोसेकंद टिकतो, त्यामुळे १९ पिकोसेकंदांची उंचवटी त्यावर लपत नाही.

वर्णपटासाठी ५ पैकी ४.५. पंप-प्रोबसाठी आहे तसा ३, आणि वाहत्या मार्गाची जोडणी घेतली तर ४.