घरी घडवलेली फेल्टची हॅट : हिवाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी लोकरी फेल्टची एक हॅट घेतली. तिच्या माथ्याला कारखान्यात कोणतीही घडी घातलेली नव्हती. माथा सरळ गोल, घुमटाकार असतो आणि त्यावर कोणती खळ (खोलगट दाब), कोणते चिमटे (बाजूंना बोटांनी दाबून पाडलेले खळगे) घ्यायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे असते. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत हॅट बनवणाऱ्या स्टेटसनने १८६५मध्ये बाजारात आणलेली ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ ही हॅट अशाच गोल माथ्याची होती आणि लोक आपापल्या आवडीप्रमाणे तिला खळ पाडून घेत. मी माझ्या हॅटला घरीच आकार दिला, हिवाळाभर ती वापरली, पावसाळ्यात कपाटात सांभाळली आणि आता ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा बाहेर काढली आहे. वाफ देऊन आकार घडवणे कोणालाही जमते. तो आकार मुंबईच्या हवेत टिकतो की नाही हे मात्र सर्वस्वी वाळवण्यावर ठरते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

फेल्ट विणलेले नसते. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकत जातात आणि त्यांचा घट्ट थर तयार होतो. उभा-आडवा धागा नसल्यामुळे हा थर कोणत्याही दिशेला ताणता आणि दाबता येतो. लोकर आपल्या केसांप्रमाणेच केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. वाफेतील पाणी आणि उष्णता यांमुळे त्यातील हायड्रोजन बंध सुटतात, तंतू सैल पडतात आणि वाळताना, थंड होताना तेच बंध नव्या आकारात पुन्हा जुळतात. पण जे बंध ओलाव्याने सुटतात ते पुढेही ओलाव्यानेच सुटणार, हे आपल्या शहरात राहणाऱ्याने विसरून चालत नाही. काही हॅटना कडकपणासाठी लाखेचे द्रावण दिलेले असते. तेही उष्णतेने मऊ पडते आणि निवल्यावर पुन्हा कडक होते.

आकार निवडताना आधी उंची मोजावी. माझ्या हॅटचा माथा सुमारे १४ सेंटिमीटर उंच होता. मधोमध खळ पाडल्यावर समोरची उंची ११ ते १२ सेंटिमीटर राहते आणि डोक्याचा वरचा भाग खळीच्या तळाला टेकत नाही. माथा मुळातच बुटका असेल तर खोल खळीचा मोह टाळावा, कारण डोके आतून सतत टेकत राहिले की खळ वर उचलली जाते. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या छायाचित्रांत दिसणारा चार चिमट्यांचा उंच माथा अनेकांना आवडतो, परंतु चारही चिमटे समान येण्यासाठी हात चांगला बसलेला असावा लागतो. मी थेंबाच्या आकाराची खळ निवडली. ती मागे रुंद, पुढे निमुळती असते आणि पुढच्या दोन बाजूंना दोन चिमटे येतात.

काम सुरू करण्यापूर्वी आतली चामड्याची पट्टी पूर्णपणे बाहेर उलटवावी. चामड्याला गरम वाफ लागली तर ते आक्रसते आणि हॅट कपाळाला घट्ट होते. केटलच्या तोंडापासून साधारण एक वीत अंतर ठेवून, हॅट काठाने धरून, माथ्याचा वरचा भाग हळूहळू फिरवत वाफेवर धरला. एकाच जागी वाफ दिल्यास तेथे पाण्याचा डाग उमटतो. थोड्याच वेळात बोटांना बदल जाणवतो. आधी दाबल्यावर उसळून परत येणारे फेल्ट आता दाबलेले राहू लागते आणि त्याची लव किंचित ओलसर, गुळगुळीत लागते. हीच वेळ पकडायची असते. नुकताच भाजलेला पापड क्षणभर वळवता येतो आणि लगेच कडक होतो, तसेच हे असते. तळहाताची कड मध्यरेषेवर ठेवून पुढून मागे दाब दिला, खळीची मागची बाजू आतून अंगठ्यांनी पसरवली आणि मग चिमट्यांच्या जागेपुरती पुन्हा वाफ दिली. चिमटे समोरच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटर मागे आणि वरच्या कडेपासून साधारण तीन सेंटिमीटर खाली घेतले. ते नखांनी कधीही दाबू नयेत. अंगठा आणि दोन बोटांच्या सपाट पेरांनी दाबावेत. नखांची खूण फेल्टवर राहते आणि ती पुन्हा वाफ देऊनही सहजासहजी जात नाही. कपडे वाळत घालण्याचे चिमटेही याच कारणासाठी मी लावले नाहीत. फेल्ट थंड होईपर्यंत हातानेच आकार धरून ठेवला.

येथपर्यंतचे काम अर्ध्या तासात होते. हात काढल्यावर आकार तयार दिसला तरी फेल्टच्या गाभ्यात ओलावा असतो. अशा अवस्थेत हॅट डोक्यावर घातली की खळ हळूहळू सपाट होत जाते. मी उलटवलेल्या चामड्याच्या पट्टीवरच हॅट उभी ठेवली, म्हणजे काठावर भार पडत नाही, आणि पंख्याच्या मंद वाऱ्यात पूर्ण दोन दिवस तिला हात लावला नाही. ऊन, हीटर किंवा इस्त्रीची ऊब यांनी लोकर आक्रसते आणि रंगही उडतो, म्हणून त्यांचा विचारही करू नये. मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, आणि तेही सकाळी करावे. त्या दिवसांत दुपारचा समुद्री वारा सुटेपर्यंत जमिनीवरून येणारी हवा बरीच कोरडी असते. एसीची खोली उपलब्ध असेल तर उत्तमच, कारण तेथील हवेतला ओलावा यंत्र काढून घेते. अशा प्रकारे वाळलेली माझी हॅट संपूर्ण हिवाळाभर दिलेल्या आकारात राहिली. शिवाजी पार्कची सकाळची फेरी, रविवारचे संजय गांधी उद्यान आणि एकदा महाबळेश्वर, अशा सर्व ठिकाणी ती सोबत होती.

रोजच्या वापरात सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे हॅट चिमट्यांत धरून न उचलणे. दिसायला ती पकड सोयीची वाटते, पण वारंवारच्या दाबाने नेमकी तीच जागा पातळ होत जाते आणि कालांतराने तेथे भेग पडते. हॅट दोन्ही हातांनी काठ धरून उचलावी. लोकलच्या गर्दीत ती डोक्यावर ठेवण्यापेक्षा छातीशी धरलेली बरी. मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात काठ जरा घट्ट खाली ओढावा, माथा दाबू नये. घरी आल्यावर पट्टी बाहेर उलटवून घाम वाळू द्यावा आणि मऊ केसांच्या ब्रशने लवेच्या दिशेने धूळ झाडावी.

खरी परीक्षा पावसाळ्याची. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, पण हवा मे महिन्यातच दमट झालेली असते, म्हणून मी हॅट मेच्या सुरुवातीलाच पूर्ण वाळवून ठेवून दिली. खळीत आतून पातळ पांढऱ्या कागदाचे सैल गोळे भरले, हॅट खोक्यात काठ अधांतरी राहील अशी ठेवली, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या कापडात बांधून एका कोपऱ्यात ठेवल्या. अधूनमधून खोके उघडून बुरशी पाहत राहिलो आणि पुड्या बदलल्या. बुरशी लागली नाही, कसरही नाही. मात्र खळीच्या कडा पूर्वीइतक्या रेखीव राहिल्या नाहीत आणि डावा चिमटा थोडा उथळ झाला. गेल्या आठवड्यात फक्त त्या दोन जागांना हलकी वाफ देऊन, एसीच्या खोलीत वाळवून, तो आकार पुन्हा पूर्ववत आला.

लोकरी फेल्ट स्वस्त असते आणि हात बसवण्यासाठी योग्य असते. पण ओलाव्यात ते लवकर सैल पडते आणि वाफ अधिक झाली तर आक्रसते. सशाच्या केसांचे फेल्ट पातळ, अधिक घट्ट आणि पाण्याला जास्त टिकणारे असते, त्यावरच्या घड्याही अधिक रेखीव बसतात, परंतु किंमत बरीच जास्त पडते. पहिली हॅट लोकरीचीच घ्यावी, अस्तर नसलेली घ्यावी म्हणजे आतून वाफ देता येते आणि आतून अंगठ्यांचा दाबही नीट बसतो. डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यावरून सेंटिमीटरमध्ये मोजून घ्यावा. दोन मापांच्या मध्ये अडकल्यास मोठे माप निवडावे, कारण चामड्याच्या पट्टीमागे फेल्टची बारीक पट्टी सरकवून हॅट घट्ट करता येते, ताणून मोठी केलेली हॅट मात्र पहिल्याच दमट दिवसात पुन्हा आवळते.